बॅकसर

खुलताबादला येणारा प्रत्येक माणूस आडव्या लोकांच्या भेटीला येतो. मलिक अंबर इथे 1626 पासून आहे, औरंगजेब बादशहा 1707 पासून, पहिला निजाम 1748 पासून, आणि सुफी संत तर या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून. बरं, हे झाले गेलेले लोक. पण गावचं जागृत दैवत भद्रा मारुती, तोही उताणा! इतर गावांत मारुती उभा असतो, नाहीतर द्रोणागिरी घेऊन निघालेला असतो. आमच्याकडे आला, भद्रसेन राजाचं भजन ऐकलं, समाधी लागली आणि जो आडवा झाला तो झालाच. अशा गावात एखाद्याने पाठीवर पडून कर्तबगारी गाजवायचं ठरवलं, तर कुणाला नवल वाटायला नको होतं. पण वाटलं.

त्या माणसाचं नाव शाळेच्या हजेरीपटावर आहे, तिथेच राहू द्या. गाव त्यांना बॅकसर म्हणतं. पन्नाशी उलटलेली, खांदे दोन माणसांचे, पाय दीड माणसाचे, डोक्याच्या मागे टाळूखाली एक जुनी खोक. पेशाने पी.टी.चे शिक्षक. ज्या खेळाला तालुक्यात जागा नाही, साहित्य नाही आणि प्रेक्षक तर नाहीच, त्या खेळात राज्यापर्यंत जाऊन आलेला एक माणूस महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात असतो. कुणी तलवारबाज असतो, कुणी पोलव्हॉल्टवाला. आमच्या वाट्याला बॅकस्ट्रोकवाले आले.

सर पोहायला शिकले ते मामाच्या विहिरीत, रीतसर. पाठीला पांगाऱ्याच्या लाकडांचा बिंडा आणि ढुंगणावर मामाची लाथ. बिंडा सुटल्यावर बाकीची पोरं मुटके मारायला लागली, तळाची माती मुठीत आणून दाखवायला लागली. हे मात्र पाण्यावर उताणे पडून आभाळ बघत बसायचे. एकदा धुणं घेऊन आलेल्या आईने वरून पाहिलं आणि असा टाहो फोडला, की दोन शेतांवरचे गडी दोर घेऊन धावले. पोरगं जिवंत आहे हे कळल्यावर तिने ते हयात असल्याची दोन्ही गालांवर खात्री करून घेतली. "आरं, मढं तरंगतं तसा काय तरंगतूस? पालथा व्हय की!"

वडील पैलवान. जत्रेचे फड मारलेले. त्यांना हे प्रकरण आईपेक्षा जास्त लागलं. पोरगं स्पर्धेत उतरणार हे कळल्यावर ते म्हणाले, "पाठ लागली की आमचा खेळ संपतो, आन् ह्यो पाठीपासूनच सुरू करतोय!" पुढे सरांनी पहिलं प्रशस्तिपत्र आणून दाखवलं, तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, "समोरच्याला पाडलंस का?" समोरचा शेजारी असतो आणि त्याला हात लावला तर बाद करतात, हे ऐकून त्यांनी तो विषय कायमचा सोडला.

विहिरीची एक अडचण होती. विहीर गोल. सरळ पोहायचं म्हणजे दहा-बारा हात मारले की डोकं दगडावर. ती खोक तिथली. त्यामुळे शहरात सिद्धार्थ उद्यानाच्या जलतरण तलावावर पहिल्यांदा गेले तेव्हा पन्नास मीटरचं सरळ पाणी पाहून सरांचे डोळे भरून आले, असं ते सांगतात. पहाटेची एस.टी., दौलताबादचा घाट, दिल्ली दरवाज्यात समोरून येणाऱ्या ट्रकपुढे अडकलेली गाडी, आणि शेवटी हे पाणी. तलावावर दोन्ही टोकांना आडव्या दोरीला रंगीत त्रिकोण लटकत होते. सरांनी शेजारच्याला विचारलं, "आज काय, कुणाचा सत्कार आहे?"

त्या पताकांवरच सरांचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं आहे. त्या भिंतीच्या पाच मीटर अलीकडे, पाण्यापासून एक मीटर ऐंशी सेंटीमीटर उंचीवर असतात. पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, पताका दिसतात. डोक्यावरून पताका गेली की हात मोजायचे, आणि ठरलेल्या हाताला भिंत आलीच पाहिजे. सरांचा आकडा पाच. ही मोजदाद त्यांच्या अंगात इतकी भिनली, की ते घरातही डोळ्यांनी काही बघत नाहीत. फाटकापासून उंबरा अकरा पावलं, उंबऱ्यापासून माठ चार. लाइट गेली की अख्खी गल्ली चाचपडते आणि सर अंधारात सरळ जाऊन पाणी पिऊन येतात. एका दिवाळीत वहिनींनी साफसफाईत माठाची जागा बदलली. सरांनी चौथ्या पावलाला हात घातला तो फराळाच्या तेलात.

उघड्या तलावाचं दुखणं वेगळं. छत असलं की त्याची एखादी तुळई धरून सरळ जाता येतं. आभाळाला तुळई नसते. विभागीय स्पर्धेत सरांनी एक ढग धरला. ढग बरा होता, ठळक होता, पण वारं सुटलं आणि तो पैठणच्या दिशेने निघाला. सर त्याच्या मागे. सबंध शंभर मीटर ते एकदा या दोरीला आणि एकदा त्या दोरीला कोपर घासत गेले. भिंतीला लागले तेव्हा दोन्ही कोपरं सोललेली आणि क्रमांक तिसरा. त्या गटात स्पर्धक किती होते, हा प्रश्न खुलताबादेत कुणी विचारत नाही. तेवढी माणुसकी आहे गावात.

राज्य स्पर्धेची गोष्ट मात्र सरांना विचारू नका, ते आपणहून सांगतात. शेवटची पताका गेली, पदक दिसायला लागलं, आणि नेमकं त्याच क्षणी सरांना बाकीचे कुठे आहेत हे बघावंसं वाटलं. बघायला म्हणून जे वळले ते पालथे झाले. आता बॅकस्ट्रोकमध्ये शेवट पाठीवरच करावा लागतो, पालथा झाला की बाद. सरांचं म्हणणं असं, की 1991 ला नियम बदलला, वळताना पालथं झालेलं चालतं, आणि आपण वळतच होतो.

"पण सर, शर्यत तर संपली होती. वळून कुठे निघाला होता?"

यावर सर चहाचा कप खाली ठेवतात आणि 1988 च्या सोल ऑलिंपिकवर जातात. डेव्हिड बर्कॉफ नावाचा अमेरिकन पोरगा सुरुवातीलाच पाण्याखाली गडप व्हायचा आणि निम्म्याहून जास्त लांबी मासोळीसारखी लाथ मारत आतूनच कापायचा. प्राथमिक फेरीत त्याने 54.51 सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत जपानच्या सुझुकीने त्याच युक्तीने त्याला गाठलं आणि 55.05 मध्ये सुवर्ण नेलं. मग आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलं, की पोहायची स्पर्धा आहे तर पोहणारा दिसला पाहिजे. आधी दहा, नंतर पंधरा मीटरची मर्यादा घातली. ही हकिगत सर अशी सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं बर्कॉफ चौथ्या लेनमध्ये होता आणि सर पाचव्या.

सरांचं खरं वैर पालथ्यांशी. वीरधवल खाडेने 2010 साली ग्वांगझूला 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं. आशियाई खेळांत आपल्याला 24 वर्षांनी पोहण्याचं पदक मिळालं होतं, आणि सरांनीही टाळ्या वाजवल्या. पण पुढे तो तहसीलदार झाला हे कळलं तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. "पोटावर पोहणारा तहसीलदार होतो, आणि पाठीवर पोहणाऱ्याला तहसीलचा शिपाई बाकावरून उठवतो!" वेळेचा फरक, देशाचा विक्रम, ऑलिंपिकमधला सहभाग असल्या बारीकसारीक गोष्टी सर मोजत नाहीत. त्यांच्या लेखी जग दोनच बाजूंनी विभागलेलं आहे. मेडली रिलेत पहिला मान बॅकस्ट्रोकचा, हेही ते ऐकवतात. मान वगैरे काही नाही. बॅकस्ट्रोकवाला पाण्यातूनच सुरू करतो. तो मधे कुठे आला, तर वरून येणारा गडी भिंतीला लागायचा कसा आणि हा सुटायचा कुठून? म्हणून त्याला आधी उरकून घेतात. हे मी सरांना सांगितलेलं नाही.

दुष्काळात तलाव बंद झाले की सर कोरडा सराव करायचे. शाळेच्या मैदानात बाकावर उताणं पडायचं आणि दोन्ही हात पाळीपाळीने मागे फिरवायचे. सुरुवातीला एकदा बाजारच्या दिवशी कुणीतरी पाहिलं, आणि मिनिटभरात सरांच्या नाकाला फोडलेला कांदा आणि छातीवर दोन माणसं. सर ओरडत होते, "अरे सराव आहे, सराव!" लोक एकमेकांना म्हणत होते, "बोलतोय, म्हणजे उतरतंय."

2021 मध्ये बंगळूरच्या श्रीहरी नटराजने रोमला 53.77 सेकंद नोंदवून टोकियोची पात्रता गाठली, तेव्हा सरांनी स्टँडवर पेढे वाटले. पेढा खाणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, "मुलाचं कुठे जमलं?" 2024 ला पॅरिसमध्ये इटलीच्या थॉमस चेकोनने बरोबर 52 सेकंदांत शंभर मीटरचं सुवर्ण घेतलं, आणि पुढे तो ऑलिंपिक ग्राममध्ये गवतावर टॉवेल टाकून झोपल्याचा फोटो जगभर फिरला. तो फोटो सरांनी मोठा छापून पी.टी.च्या खोलीत लावला आहे. तेव्हापासून ऑफ तासाला सर टेबलावर आडवे दिसतात, आणि मुख्याध्यापकांना फोटोकडे बोट दाखवतात.

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसं चालत भद्रा मारुतीला येतात. एकदा त्या गर्दीत सर गाभाऱ्यासमोर हात जोडून पुजाऱ्यांना म्हणाले, "महाराज, खांदे बघा. हा बॅकस्ट्रोकचाच आराम आहे. समुद्र ओलांडून आलेत."

"सर, ती भावसमाधी आहे. आणि समुद्र उडून ओलांडला होता."

"जाताना उडून. येतानाचं कोण बघायला होतं?"

पुजाऱ्यांनी प्रसाद दिला आणि रांग पुढे ढकलली.

यात्रा संपली की उरलेल्या पताका सर गोळा करून नेतात. एका शेतकऱ्याची चौकोनी, पायऱ्यांची विहीर त्यांना मिळाली आहे. तिच्यावर सुतळी ताणून पताका बांधतात, पोरांच्या पाठीला तेलाचे रिकामे कॅन बांधतात आणि स्वतः गळाभर पाण्यात उभे राहून एकेकाच्या डोक्याखाली तळहात धरतात. पोराला कळतही नाही कधी तो हात निघाला ते. येसगावच्या गिरिजा धरणावर मोठं पाणी आहे, तिकडे का नेत नाही असं कुणी विचारलं, तर सर साफ नाही म्हणतात. धरणाला भिंत एकाच बाजूला असते, आणि बॅकस्ट्रोकला दोन लागतात.

तुमचं पोर सात-आठ वर्षांचं असेल आणि उन्हाळ्यात खुलताबादेत मुक्काम असेल, तर चड्डी-टॉवेल देऊन पाठवा. फी नाही. वेळ सकाळी सहाची आहे, सव्वासहाला आलेल्याला सर घरी पाठवतात. आणि पोराला आधीपासून पालथं पोहता येत असेल, तर ते सरांना सांगू नका.