परिशिष्ट तीन: समग्र लेखनसूची

नांदेड-लातूरकडे कुणा ज्येष्ठ संपादकाला पंचाहत्तरावं लागलं की आधी गौरव समिती जन्माला येते. अध्यक्षपदी माजी आमदार, स्वागताध्यक्षपदी शिक्षणसंस्थेचे सचिव, जाहिरातींसाठी साखर कारखान्याच्या संचालकांचे मेहुणे. चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत गौरवग्रंथाची अनुक्रमणिकाही ठरते. मग कुणीतरी म्हणतं, ‘शेवटी एक समग्र लेखनसूची टाकू, प्रकाशित-अप्रकाशित सगळं.’ त्या क्षणी जो मोबाइलमध्ये बघत नसेल त्याच्या गळ्यात हे काम पडतं. सहसा तो महाविद्यालयाचा ग्रंथपाल असतो. पुढचं मार्गदर्शन त्या बिचाऱ्यासाठी.

कामाचा आरंभ शंकर गणेश दात्यांना नमस्कार करून करावा. या गृहस्थांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतली मराठी पुस्तकं दोन भागांत नोंदून ठेवली. तेव्हा एका माणसाचं पन्नास वर्षांचं लेखन आपल्याला सहज उरकेल, असा समितीचा हिशेब असतो. तो चुकीचा आहे. पुस्तकाला मुखपृष्ठ असतं, त्यावर लेखकाचं नाव असतं. अग्रलेखाला नाव नसतं, बातमीला ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच गोत्र असतं, आणि तारीख छापलेली असते पानाच्या माथ्यावर, म्हणजे नेमकी कात्रीच्या वाटेत.

आता सत्कारमूर्तींच्या घरी जावं. सत्कारमूर्ती ‘सगळं आहे हो माळ्यावर’ असं म्हणून झोपाळ्यावर बसतील. खरी माहिती काकूंकडे असते. ‘काय हुडकूलालाव? त्या पेट्या तर दिल्या की मागच्या दिवाळीत रद्दीवाल्याला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती.’ इथे खचू नये. एक पेटी हमखास उरलेली असते, कारण तिच्यावर गाद्या रचलेल्या असतात. तिच्यात वह्या सापडतील. मैद्याच्या खळीने चिकटवलेली कात्रणं असतील आणि खळ खाऊन तृप्त झालेली कसर असेल.

कात्रणावर तारीख नसली तर ते उलटं करावं. ही या विद्येतली गुरुकिल्ली आहे. चिकटवलेलं असेल तर ओल्या फडक्याने हलकेच सोडवावं, पाठीमागे अर्धा बाजारभाव निघेल. लातूरच्या आडतीत करडई आणि ज्वारी वर आहे, सोयाबीनचं नावही नाही, तर कात्रण जुनं. सोयाबीन दिसलं की बहुधा नव्वदनंतरचं. सिनेमाची जाहिरात निघाली तर फार हुरळून जाऊ नका. आपल्याकडच्या टॉकीजला सिनेमा मुंबईनंतर सावकाश यायचा आणि चालला तर हलायचा नाही.

मग अग्रलेखांचा प्रश्न. ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांचं उदाहरण घ्या. ‘पेटलेले दिवस’, ‘मांदियाळी’, ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ अशी पुस्तकं घडीभरात नोंदून होतात. पण माणसाचा खरा संसार ‘मराठवाडा’च्या अग्रलेखांत, आणि तिथे सही नाही. शिवाय आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ काढला तेव्हापासूनच या पत्राने सूचीकारांचा छळ मांडला होता. निजाम सरकारने बंदी घातली की नाव बदलायचं आणि अंक पुन्हा काढायचा. मजकुराचा सूर तोच, माथ्यावर पाटी नवी. एकच नियतकालिक म्हणून नोंदलं तर ते शास्त्राला धरून होईल. प्रत्येक नाव वेगळं नोंदलं तर सूची लांबते आणि समिती खूश होते. निवड तुमची.

आपल्या सत्कारमूर्तींचे अग्रलेख ओळखताना निवृत्त उपसंपादकांपासून जपून राहा. ‘साहेब तेव्हा मुंबईला होते, तो मीच लिहिला,’ असं सांगणारे किमान दोन भेटतील आणि अग्रलेख एकच असेल. शैलीवरून ठरवू म्हणाल तर तेही नको. ‘अनुशेष’ हा शब्द आला म्हणजे लेख साहेबांचा, असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. विकासातला अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ मध्ये आल्यापासून मराठवाड्यात लग्नपत्रिका सोडून सगळीकडे हा शब्द येतो.

नायक स्वातंत्र्यसैनिकांच्या पिढीतला आणि सोहळा जन्मशताब्दीचा असेल, तर जुन्या कागदांवर फसली साल भेटेल. हैदराबादी फसलीत ५९१ मिळवावेत. मात्र ते वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं, म्हणून पहिल्या तीन महिन्यांपुरते ५९०. बंदीचे हुकूम उर्दूत असतील. ते वाचून देणारे वकीलसाहेब अजून आहेत तोवर उरकून घ्या.

१७ सप्टेंबरची गंमत वेगळीच. दर मुक्तिसंग्राम दिनाला पुरवणी निघते आणि तिच्यात साहेबांचा लेख असतोच. नीट वाचलं तर ध्यानात येतं की लेख तोच आहे, फक्त पहिल्या वाक्यातला वर्षांचा आकडा एकेकाने वाढत गेलाय. सुवर्णमहोत्सवाला, १९९८ मध्ये, त्याला एक जास्तीचा परिच्छेद फुटला होता. तोही पुढे गळाला. ही एक नोंद की पन्नास? माझं मत एक. समितीचं मत पन्नास.

‘अप्रकाशित’ हा विभाग उघडताना छाती घट्ट करावी. यात आत्मचरित्र असतं: नाव ठरलेलं, अर्पणपत्रिका लिहिलेली, पहिलं प्रकरण अडीच पानांचं. मंत्र्यांसाठी लिहून दिलेली भाषणं असतात. ती प्रकाशित झाली, पण मंत्र्यांच्या नावावर. जाहिरात आल्यामुळे पडलेल्या बातम्या असतात. आणि एसटीने गेलेल्या बातम्या असतात. फॅक्सच्या आधी देगलूर-उदगीरकडचा वार्ताहर संध्याकाळी पाकिटावर ‘बातमी, अत्यंत तातडीचे’ असं लिहून ते ड्रायव्हरच्या हवाली करायचा. ड्रायव्हर बदलला की पाकीट बसबरोबर पुढच्या मुक्कामाला. अशा लेखनाची नोंद ‘अप्रकाशित, मार्गस्थ’ अशी करावी.

प्रकाशित आणि अप्रकाशित यांच्या मधलंही काही असतं. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं पत्र ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना म्हणून छापलं गेलं. ते पत्रांत घालायचं, प्रस्तावनांत की इतिहासलेखनात? तिन्हीकडे घाला. कुरुंदकर १९८२ मध्ये औरंगाबादला व्यासपीठावरच गेले, पन्नाशीच्या आत. त्यानंतरही त्यांची पुस्तकं निघत राहिली, कारण लोकांनी भाषणं टिपून ठेवली होती आणि पत्रं जपली होती. तुमच्या सत्कारमूर्तींची भाषणं कुणी टिपली असल्यास त्या माणसाला आधी शोधा. सत्कारमूर्तींना नंतर भेटलं तरी चालेल.

किल्लारीची पानं उलटताना मात्र चेष्टा बाजूला ठेवावी. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरून उजाडायच्या आत झालेला भूकंप. लातुरात त्या काळच्या जवळपास प्रत्येक वार्ताहराच्या घरी सांगतात, पहिली बातमी यांचीच. ते बहुतेक खरंच सांगतात. जो ज्या गावात आधी पोचला, त्या गावाची पहिली बातमी त्याची. छापताना सगळ्या एकत्र झाल्या आणि वर ‘आमच्या प्रतिनिधींकडून’ लागलं. अशा बातमीपुढे एकच नाव लिहू नका. माहीत असतील तेवढी सगळी लिहा, यादी लांबली तर लांबू द्या.

सूची पुरी झाली की समितीपुढे ठेवावी. एका पतसंस्थेने ऐनवेळी पूर्ण पानाची जाहिरात दिलेली असते, म्हणून परिशिष्ट तीन सव्वा पानात बसवायचं ठरतं. वाद घालू नये. ग्रंथात ‘निवडक’ हा शब्द टाकू द्यावा आणि पूर्ण सूचीच्या तीन प्रती काढाव्यात: एक नांदेडला विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एक गावच्या वाचनालयात, एक काकूंकडे.

ज्यांच्यावर हे काम कधीच येणार नाही अशा वाचकांना विनंती एवढीच. घरात जुने अंक असतील तर रद्दीवाल्याच्या आधी जवळच्या ग्रंथपालाला फोन करा. आणि कात्रण कापताना वरची तारखेची ओळ सोडू नका.