उरला तो बोनस

वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात आहे, याचा मला व्यक्तिशः फार त्रास झालेला आहे. दुसऱ्या कुठल्या गावी स्थायिक झालो असतो तर लोकांनी निवृत्त फौजी म्हणून नमस्कार करून सोडून दिलं असतं. इथे मात्र 'वायुसेना नगर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक अवाढव्य गॅरेज उभं राहतं, त्यात आडवी पाडलेली विमानं आणि त्यांच्या खाली तेलाने माखलेला मी. मुख्यालयात विमानं येत नाहीत, विमानांच्या फायली येतात; विमान पुरतं उघडायचं तर ते कानपूरला, चंडीगढला, नाहीतर आपल्याच नाशिकजवळच्या ओझरला जातं, हे सासुरवाडीत मी नाना परींनी सांगून पाहिलं. "म्हणजे इथं काही काम नसते," असा निष्कर्ष मेहुण्यांनी काढला.

माझा ट्रेड इंजिन फिटर. पुढे त्याचं नाव प्रोपल्शन फिटर झालं. पगार त्या नावाने वाढला नाही. बेळगावजवळ सांबऱ्याला कवायत शिकलो, तांबरमला इंजिन शिकलो आणि उमेदीची वर्षं एएन-३२ च्या सेवेत घातली. १९८४ पासून आपल्याकडे आलेलं हे विमान मुळात भारताची गरज पाहून बनवलेलं. उन्हाळ्यात आणि लेहसारख्या उंचीवर त्याला दम लागू नये म्हणून किव्हच्या इंजिनिअरांनी जुन्या एएन-२६ ला जवळजवळ दुप्पट ताकदीची इंजिनं लावली, एकेक ५,००० अश्वशक्तीच्या वरचं. एवढ्या ताकदीला पंखाही तसाच हवा. तो झाला चार पात्यांचा, ४.७ मीटर व्यासाचा. खाली जागा पुरेना, म्हणून अख्खं इंजिन उचलून विमानाच्या पंखाच्या डोक्यावर बसवलं. कल्पना उत्तमच. पण ती किव्हच्या थंडीत सुचली होती. मे महिन्यात भरदुपारी शिडी लावून त्या तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकायचे, हा भाग आमच्याकडे आला.

प्रोपेलरला आम्ही फौजेत प्रोपेलरच म्हणायचो. घरी येऊन 'पंखा' म्हणालो, तिथे फसलो.

मार्च लागला, होळी झाली की नागपुरात कूलर बाहेर निघतात. गच्चीवरून, जिन्याखालून, मागच्या वर्षीचं वाळकं गवत पोटात घेऊन. त्या आठवड्यात शेजारचे भाऊ आले. "फौजी साहेब, जरा आमचा कूलर पाहून द्या ना."

म्हटलं, "मी विमानाच्या इंजिनांचं काम करत होतो."

"तेच म्हणतो ना मी! ते तं एवढं मोठं, हे तं लहानसं आहे. पंखाच आहे शेवटी."

आता यांना काय सांगायचं? त्या इंजिनाचा रोटर मिनिटाला १२,००० हून जास्त फेरे घेतो, मधला गिअरबॉक्स ते फेरे हजाराच्या आसपास आणतो, तरी पात्याचं टोक, विमान जागच्या जागी उभं असताना, ताशी ९०० किलोमीटरच्या घरात धावत असतं. मुळाशी वेग कमी, टोकाशी जास्त, म्हणून पात्याला पीळ. हवेत गरजेप्रमाणे पात्याचा कोन आपोआप बदलतो. इंजिन बंद पडलं तर पाती वाऱ्याला धारेवर वळवून ठेवायची, नाहीतर तोच पंखा विमानाला मागे ओढतो. एवढं सगळं मी त्यांना सांगितलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा नुसता खडखड करते."

पंख्यांशी आमच्या घराण्याचं नातं तसं जुनं आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारी दिशांनी निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळच्या आत विमानं आपापल्या गावी. बाबा पोस्टात होते, घर जवळच खामल्याला. सुरुवातीला डाकोटा असायची, १४ सिलिंडरांची दोन-दोन इंजिनं. आजी म्हणे अंथरुणातूनच कूस बदलत सांगायची, "मद्रासची आज उशिरा आली." १९७३ पर्यंत हे चाललं. नागपूर देशाच्या मधोमध असल्याचा आपण फार अभिमान बाळगतो. आमच्या घरात त्याचा अर्थ रात्रीची झोपमोड एवढाच होता.

लोकांना वाटतं, मेकॅनिक म्हणजे दुरुस्त करणारा. माझी नोकरी मात्र मुख्यतः मोजण्यात आणि सह्या करण्यात गेली. प्रत्येक विमानाचा एक फॉर्म ७०० असतो, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला. विमानाला हात लावला की त्यात लिहायचं, लिहिलं की सही करायची. महत्त्वाचं काम असेल तर दुसऱ्याने ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि त्याने सही करायची, मग तो दुसरा आपला जिवलग मित्र असो. जिवलग असेल तर जरा जास्तच पाहायचं. पेटीत प्रत्येक पान्याला त्याच्याच आकाराची खाच. एक खाच रिकामी दिसली की विमान जागचं हलत नाही. एकदा एका तळावर दहा नंबरचा पाना कमी भरला. रात्रभर आम्ही टॉर्च घेऊन इंजिनाच्या पोटात, चाकांच्या खोबणीत, एकमेकांच्या खिशात शोधत होतो. पहाटे तो शेजारच्या विमानाच्या पेटीत निघाला. तिथे दहाचे दोन झाले होते आणि जास्त असल्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती.

असल्या शिस्तीत वाढलेला माणूस संसाराला बरा नसतो. सकाळी अधिकाऱ्यापासून नव्या पोरापर्यंत सगळे ओळीने, माना खाली घालून, टारमॅकवरचे खडे नि स्क्रू वेचत चालायचो, कारण इंजिन समोरचं काहीही गिळतं. ती मान अजून वर झालेली नाही. फुटाळा तलावावर फिरायला गेलो की घरी मूठभर नट, वॉशर आणि एखादा खिळा आणतो. बायको चार पावलं मागे चालते. अंगठी घालून यंत्रात हात घालायचा नसतो, म्हणून साखरपुड्याची अंगठी लग्नानंतर आठवड्याभरात डबीत गेली. सासूबाईंनी त्याचा अर्थ बराच काळ वेगळा लावला होता. थांबलेल्या प्रोपेलरच्या पात्यांखालूनही जायचं नाही हा नियम हाडात शिरलेला. त्यामुळे लग्नाच्या हॉलमधल्या त्या जंबो पंख्यांना मी मोठा वळसा घालतो आणि त्या बाजूला बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, यांनी आपल्याला टाळलं.

तर कूलर. भाऊंना नाही म्हणालो, तरी आमचा स्वतःचा होताच. बायकोने परस्पर मिस्त्री बोलावला. पोरगा चलाख. पाच मिनिटांत मोटार बाहेर, ताट्या बाहेर, टुल्लू पंप बाहेर. बोल्ट कुठे, स्क्रू कुठे, सगळं गच्चीभर. मी पाठीमागे उभा राहून मनात मोजत होतो. नवं गवत भरलं, मोटारीला तेल दिलं, सगळं जोडलं, बटण दाबलं. वारा छान आला. आणि फरशीवर एक नट राहिला.

"हा कुठला?" मी विचारलं.

त्याने तो उचलून खिशात टाकला. "उरला तो बोनस, काका."

मी बटण बंद केलं. कूलर पुन्हा उघडायला लावला. एकेक बोल्ट हाताने चाचपला. सगळ्यांना आपापले नट होते. म्हणजे हा आमच्या कूलरचा नव्हताच. मिस्त्रीच्या खिशातून पडला असणार आणि खिशात आधीच्या घरून आला असणार.

"आधी कुठे गेला होतास?"

"त्रिमूर्ती नगरला. काऊन?"

त्रिमूर्ती नगरात त्या क्षणी एक कूलर एका नटाने कमी चालत होता आणि त्याच्या मालकांना त्याचा पत्ता नव्हता. मला बसवेना. दुपारी एक वाजता, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, मी त्या पोराच्या गाडीवर मागे बसलो. नागपूरचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ पर्यंत गेला होता. तापलेली हवा विरळ होते, इंजिन कमी ताकद देतं, पंख्याला हवेत पकड मिळत नाही, म्हणून अशा दिवशी विमानात सामान कमी भरतात. हे मी वाटेत मिस्त्रीला सांगितलं. त्याने मागे वळून माझ्या पोटाकडे पाहिलं आणि गिअर उतरवला.

दार उघडणाऱ्या वहिनींना मी नट दाखवला. त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पण चालून तं राहिला ना," त्या म्हणाल्या. आतून गार वारा येत होता. मी मोटारीची मागची पट्टी उघडून पाहिली. नट तिथलाच होता. बसवला, आणि सवयीने बोल्टच्या भोकातून तार ओवून, पीळ देऊन, बोल्ट सुटू लागला तर तार उलट आवळेल अशी बांधून टाकली. वहिनींनी ताक दिलं. मिस्त्रीला दोन ग्लास.

आमच्या कूलरच्याही सगळ्या बोल्टांना मी तशीच तार बांधली आणि त्याच्यासाठी एक वही घातली: तारीख, काम, करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. पुढच्या मार्चमध्ये तोच पोरगा गवत बदलायला आला. पक्कड घेऊन तारा तोडता तोडता त्याचा अर्धा तास गेला. "काका, हा उडवाचा आहे का गच्चीवरून?" त्याने विचारलं. काम झालं, मी वही पुढे केली. कामाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'चालून राहिला', खाली सही, आणि सहीखाली आपला मोबाईल नंबर, 'फ्रिजचेही काम होईल'सकट. तपासणाऱ्याच्या रकान्यासाठी मी वही बायकोला दिली. तिने कूलरकडे पाहिलंसुद्धा नाही. लिहिलं, 'पैसे दिले.'