माळ्यावर १७८० सालचे नाणे सापडल्यास काय करावे

सापडलेल्या नाण्याबद्दल कोणालाही सांगू नये, हा पहिला नियम. तो आजवर कोणत्याही घराने पाळलेला नाही, म्हणून थेट दुसऱ्याकडे जाऊ: नाणे घासू नये. आत्या चिंच भिजत घालेल, वहिनी टूथपेस्ट आणेल, कोणीतरी रांगोळी सुचवेल. शंभर वर्षांत चढलेला काळपटपणा पाच मिनिटांत उतरतो आणि त्याच्यासोबत संग्राहकाने दिले असते ते जादा पैसेही उतरतात.

आता नाणे पाहा. एका बाजूला भरल्या अंगाची, डोक्यावरून वस्त्र घेतलेली बाई, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड. घरातले ज्येष्ठ 'राणीछाप' म्हणून मोकळे होतील. त्यांच्याशी वाद घालू नये, पण ही व्हिक्टोरिया नव्हे. ही ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा, नाण्याचे नाव थेलर. डोक्यावरचे वस्त्र वैधव्याचे. नवरा १७६५ साली गेला.

मग कोणीतरी १७८० हा आकडा वाचेल आणि घरात गणित सुरू होईल. नाना फडणवीसांचा काळ! म्हणजे खापरपणजोबांना पेशव्यांनीच दिले असणार! म्हणजे किमान टू बीएचके! या टप्प्यावर सर्वांना पाणी द्यावे आणि पुढचा मजकूर मोठ्याने वाचावा.

मारिया थेरेसा नोव्हेंबर १७८० मध्ये वारली. नाणे मात्र पुढेही पाडले जात राहिले, तेही त्याच सालाचे, कारण अरबस्तान आणि इथिओपियातल्या व्यापाऱ्यांचा विश्वास याच बाईवर बसला होता. दुसरा चेहरा दाखवला की ते नाणे परत करत. १८६७-६८ साली मुंबईहून अबिसिनियावर, म्हणजे इथिओपियावरच, फौज निघाली, तेव्हा इंग्रजांनाही व्हिएन्नाहून हेच थेलर मागवावे लागले. पुढे १९३५ साली मुसोलिनीने ऑस्ट्रियाकडून छापाचे साचेच मिळवले आणि रोममध्ये थेलर पाडू लागला. मग इंग्रजांनी लंडनमध्ये तेच सुरू केले, आणि दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टाकसाळीलाही कामाला लावले. तात्पर्य, तुमचे अठराव्या शतकातले ऑस्ट्रियन नाणे फोर्टात १९४१ साली जन्मलेले असू शकते. बाईच्या चित्राखाली एस. एफ. ही अक्षरे दिसली तरी हुरळू नका. ती ग्युन्झबुर्गच्या टाकसाळीतल्या जुन्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरे. नंतरच्यांनी तीही इमानाने उतरवली.

खापरपणजोबांच्या बाबतीत पेशव्यांपेक्षा एडनचा विचार करावा. १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले आणि तिकडच्या बाजारात हा थेलर सर्रास चाले.

खरे-खोटे पाहायला काटा पुरेसा आहे. वजन २८ ग्रॅमच्या आसपास, हजारात ८३३ भाग चांदी; म्हणजे शुद्ध चांदी जवळजवळ बरोबर दोन तोळे. कडेवर उठावाची लॅटिन अक्षरे हवीत: न्याय आणि दया हे बाईंचे ब्रीद. कड गुळगुळीत असेल तर नाण्याला नव्हे, आपल्याला दया दाखवावी.

किंमत? बहुतेक वेळा दोन तोळे चांदीचा आजचा भाव आणि त्यावर थोडे. गळ्यात घालायला कडी डाखली असेल तर ते थोडेही जाते. खरोखर १७८० सालचे असेल तर निराळी गोष्ट, पण ते ब्रोचमधले मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसे मोजणारा जाणकारच सांगेल. सराफ सांगणार नाही, तो घट धरेल.

नाणे माळ्याऐवजी अंगण खणताना किंवा भिंत पाडताना मिळाले असेल, तर मात्र १८७८ चा निखात निधी कायदा वाचावा. त्यात दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दहा रुपयांहून जास्त किंमत आहे, हे ठरवायला जाणकार लागत नाही.