दम घ्यायच्या जागा

ज्याला खरोखर पळायचंय त्यानं निसर्गरम्य रस्त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यानं शाळेच्या मैदानाला गोल गोल फेऱ्या माराव्यात, नाहीतर जिममधल्या त्या सरकत्या पट्ट्यावर भिंतीकडे तोंड करून धावावं. तिथं बघण्यासारखं काही नसतं, म्हणून थांबायला निमित्त नसतं. निसर्गरम्य रस्ता आमच्यासारख्यांसाठी असतो. आमचे बूट पळायचे, कपडे पळायचे, दम तेवढा चालायचा.

ही अक्कल मला व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कात आली. शहराला चिकटून समुद्रात घुसलेलं हे जंगलाचं टोक. चारशे हेक्टरांवर पसरलेलं. मधे सीडर, फर आणि हेमलॉकची झाडं, शेंडा बघायला मान मागे टाकावी तर टोपी पडते. १८८८ साली हे उद्यान म्हणून खुलं झालं. समुद्राच्या कडेनं दगडी बांध घातलाय, त्याला सगळे सीवॉल म्हणतात. त्यावरून आख्खा फेरा मारला की नऊएक किलोमीटर होतात.

माझी भाची तिथून हाकेच्या अंतरावर राहते आणि हा फेरा ती नाश्त्याच्या आधी मारते. मी उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला गेले. ठाण्यात मी सकाळी उपवनच्या तळ्याशी जाऊन येते, तेही मैत्रिणी असल्या तर. माझ्या बहिणीनं लेकीला फोनवर सांगून ठेवलं होतं, "मावशी रोज पळते." बहिणी अशाच असतात. पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी माझ्यासाठी बूट तयार होते.

भाचीच्या मनगटावर एक घड्याळ असतं. ते वेळ सोडून बाकी सगळं सांगतं. एक किलोमीटरला किती मिनिटं लागली, त्याला पेस म्हणतात. हृदय किती धडधडतंय, काल झोप कशी लागली, आज अंगात किती बळ उरलंय. असलंच एक जुनं घड्याळ तिनं माझ्याही हाताला बांधलं. मी पळायला लागले आणि थोड्या वेळानं ते थरथरलं. बघते तर विचारत होतं, चालणं नोंदवू का? मी जीव खाऊन पळत होते.

पण याच घड्याळात एक सोय निघाली. आपण थांबलो की तेही थांबतं, चालू लागलो की पुन्हा सुरू होतं. थांबलेला वेळ पेसमध्ये धरत नाहीत. एवढं कळलं आणि मी रस्त्याकडे नव्या नजरेनं पाहायला लागले. थांबायचं, पण साधार.

सुरुवातीलाच हॅरी जेरोमचा पुतळा लागतो. १९६० साली या गड्यानं शंभर मीटर दहा सेकंदांत कापून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. पुढे मांडीचा स्नायू असा फाटला की पळणं संपलं म्हणाले, तरी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यानं कांस्यपदक आणलं. पुतळा छाती पुढे काढून, जणू रेषा ओलांडतानाच्या क्षणी. एवढ्या मोठ्या धावपटूसमोरून नुसतं पळत निघून जाणं मला असभ्यपणाचं वाटलं. मी थांबले. पाटी वाचली. पुन्हा वाचली. भाची शेजारी शिवणयंत्राच्या सुईसारखी जागच्या जागी खालीवर होत होती.

"मावशी, अजून एक किलोमीटरही झालं नाही."

"अगं, माणसानं केवढं सोसलंय."

मग तोफ. १८१६ साली इंग्लंडात ओतलेली ही तोफ रोज रात्री नऊला उडते, आख्ख्या शहराला ऐकू जाते. १९६९ साली इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी ती पळवून नेली होती आणि सोडवायला खंडणी मागितली होती. म्हणजे या रस्त्यावर तोफसुद्धा माझ्याहून जास्त हिंडलीये. मी म्हटलं, उडताना बघायला हवी. भाची म्हणाली, "रात्री नऊला उडते गं ती." मी म्हटलं, "मग थांबू की." सकाळचे साडेसात वाजले होते.

वळणाच्या पुढे जरा आत गेलं की क्रिकेटचं मैदान आहे, ब्रॉकटन ओव्हल. कॅनडात, झाडीच्या कुशीत, समोर डोंगर. १९३२ साली ब्रॅडमन इथं खेळून गेला आणि मैदानाच्या रूपावर फिदा झाला. त्याचं लग्न त्याच वर्षी झालं होतं आणि मधुचंद्र म्हणून बायकोला घेऊन तो या क्रिकेटच्या दौऱ्यावर आला होता. त्या बाईंचा विचार करत मी कठड्याला टेकले. नवऱ्याबरोबर सिंगापूरला जाऊन तीन दिवस हॉटेलच्या खोलीत मॅच बघितलेल्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत. आत्मचरित्रात लिहीन सविस्तर.

पण या रस्त्यावरचं माझं खरं दैवत पुढे आहे. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्यातल्या एका खडकावर ब्राँझची बाई बसलीये, १९७२ पासून. अंगात पाणबुड्याचा पोशाख, कपाळावर चढवलेला मुखवटा, पायांत पंख. पोहायचा जामानिमा इथून तिथून पूर्ण. आणि बसलीये. भरती येते, पाणी पायांशी लागतं, ओहोटी येते, पाणी जातं. बाई काही पाण्यात उतरत नाही आणि तिला कुणी पेस विचारत नाही.

लंबरमन्स आर्च नावाची जागा येते तिथं मात्र सबब शोधावी लागत नाही. इथं मूळ रहिवाशांचं ख्वायख्वाय नावाचं गाव होतं. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शिंपल्यांचा मोठा थर जमिनीत साठला होता. पार्काचा पहिला रस्ता करताना तो उकरला आणि खडीच्या जागी अंथरला. मग हळूहळू माणसांनाही घालवलं. 'निसर्गरम्य' म्हणतो त्या बऱ्याच जागा आधी कुणाच्या तरी अंगणात असतात. भाचीही इथं पाय हलवत नाही.

पुढे लायन्स गेट ब्रिज डोक्यावरून जातो आणि बांध खऱ्या समुद्राला भिडतो. वारा तोंडावर, डावीकडे सरळ उभा कडा. या बांधाचं मला कौतुक आहे. लाटांनी किनारा खाऊ नये म्हणून १९१७ साली काम धरलं आणि १९७१ साली पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. जाहीर केल्यावरही एक तुकडा व्हायचा राहिलाच होता, तो १९८० पर्यंत चालला. ठाणेकर बाईला परदेशात इतकं घरच्यासारखं क्वचितच वाटतं. पण जेम्स कनिंगहॅम नावाच्या स्कॉटिश गवंड्यानं आयुष्यातली तीसहून अधिक वर्षं या भिंतीला दिली, निवृत्त झाल्यावरही काम कसं चाललंय बघायला येत राहिला. दगडाला दगड असा बसवलाय की सांध्यात नख जात नाही. मी घालून पाहिलंय. त्यासाठी उकिडवं बसावं लागतं, आणि उकिडवं बसलं की उठायला वेळ लागतो.

त्याच्या नावाची पाटी सिवाश रॉकजवळ आहे. हा सुळका पाण्यातून सरळ वर आलाय, माथ्यावर खुरटं झाड. याची एक कथा मूळ रहिवाशांत सांगतात, आणि पॉलीन जॉन्सन या मोहॉक कवयित्रीनं ती लिहून ठेवली. एक तरुण बाप होणार होता. बाळ जन्माला येताना आपण निर्मळ असावं म्हणून तो समुद्रात पोहत राहिला. देवाचे दूत नावेतून आले, म्हणाले, बाजूला हो. तो हटला नाही, थांबला नाही, पोहतच राहिला. त्यांनी त्याचा खडक केला. त्याच्या निष्ठेचा गौरव म्हणून केला, शिक्षा म्हणून नव्हे, असं भाचीनं मला बजावून सांगितलं. असेल. माझ्या लक्षात एवढंच राहिलं की सांगूनही न थांबणाऱ्याला या रस्त्यावर कायमचं थांबवतात. मी ताबडतोब बाकावर बसले.

समुद्राचा कंटाळा आला तर आत जंगलाच्या वाटा आहेतच. पायाखाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर, त्यावर बूट वाजत नाही. ओल्या सालीचा वास. ऑगस्टमध्ये वाटेच्या दोन्ही अंगांना ब्लॅकबेरी पिकतात. चांगली ब्लॅकबेरी हाताला लागताच देठातून सुटते. ओढावी लागली तर आंबट निघणार, सोडून द्यावी. काटे बाहीला धरतात, म्हणून सुटायला सावकाश, एक पाऊल मागे येऊन, बाही सोडवून मग पुढे. यात पळणं बसत नाही.

आत एक पाटीही आहे, माझ्या फार आवडीची. कोयोटची. कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान असा हा प्राणी. लोकांनी खाऊ घालघालून ते सोकावले आणि २०२० च्या डिसेंबरपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांनी चाळीसच्या वर माणसांना चावे घेतले, त्यात सकाळ-संध्याकाळ पळणारे बरेच. शेवटी काही कोयोट मारावे लागले. चूक खायला घालणाऱ्यांची, जीव गेला त्यांचा. पाटीवर सूचना असतात: कोयोट दिसला तर पळू नका, ओरडा, हात वर करून अंग मोठं करून दाखवा, हळूहळू मागे सरका. अंग मोठं करून दाखवायला मला वेगळं काही करावं लागत नाही. आणि ओरडणं तर घरी रोजचंच. पण 'पळू नका' हे सरकारी अक्षरांत लिहिलेलं पाहून मला जो आनंद झाला तो काय सांगू. भाचीला पाटीशी उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं.

"मावशी, कोयोट दिसला तर, असं लिहिलंय."

"आपल्याला दिसला नाही म्हणून त्याला आपण दिसत नसू का?"

शेवटी तिनंच तोडगा काढला. बांधावर सायकलवाल्यांना एकाच दिशेनं जावं लागतं, पायी जाणाऱ्यांना मात्र दोन्ही दिशा मोकळ्या. तिनं नेहमीसारखं तोफेच्या बाजूनं निघायचं आणि मी उलट, सेकंड बीचच्या बाजूनं. दोघींची भेट थर्ड बीचवर. नकाशात पाहिलंत तर कळेल, तिच्या वाट्याला पुतळा, तोफ, पूल, सुळका असा जवळजवळ सगळा फेरा येतो. माझ्या वाट्याला जेमतेम एक वाळूचा किनारा आणि थोडी झाडी. या वाटणीबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

थर्ड बीचवर उन्हाळ्यात खाण्याची टपरी लागते. ती उघडेल अशा बेतानंच आम्ही शनिवारी उशिरा निघतो. भाची येईपर्यंत मी गरम फ्राइजचा कागदी द्रोण घेऊन ओंडक्यावर बसलेली असते. ती लांबून दिसते, घामानं निथळत, चेहरा लाल, ओठ घट्ट. माझ्यापाशी येऊन थांबते तसं तिचं घड्याळही थांबतं. एका शनिवारी मात्र तिनं पेसकडे बघितलं नाही. पाठोपाठ चार फ्राइज तोंडात टाकल्या आणि म्हणाली, "मीठ कमी आहे गं, मागून आण ना जरा."

टपरीपर्यंत चढ आहे. म्हटलं, तूच जा, तुला सवय आहे.