छत्तीसचा आकडा

दार जरा लोटून घ्या, मग सांगते. आमच्या भाचीला ओळखता ना? तीच, आयटीतली. फोनला तीन भिंगं, आणि त्यात एकट्या मांजराचे चार हजार फोटो. तर ही बया मध्यंतरी येऊन मला विचारते, "मामी, आजोबांचा तो रोलचा कॅमेरा आहे का गं अजून?" मला वाटलं, विकायचा असेल. छे! शिकायचाय म्हणे.

आणि ही एकटी नाही हो! पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाऊन बघा. लोक जिथे नळाच्या तोट्या नि पितळी कड्या शोधायचे, तिथे आता विशी-पंचविशीतली पोरं उकिडवी बसून यशिका नि झेनिट कानाला लावतायत. खटका दाबून शटरचा आवाज ऐकतात, डॉक्टर छाती तपासतो तसे! मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारातही हाच प्रकार. जी वस्तू काल अडगळ होती, तिला आज दुकानदार 'व्हिंटेज' म्हणतो. त्या एका शब्दाचे किती पैसे लावतो, ते विचारू नका.

मामंजींचा कॅमेरा म्हणजे पेन्टॅक्स के-1000. कंपनीने 1976 साली बाजारात आणला आणि 1997 पर्यंत बनवला. मस्कतच्या नातेवाइकाने आणून दिलेला. माळ्यावरून काढला, तर मागच्या झाकणाच्या कडेचा काळा फोम गुळाच्या पाकासारखा चिकट झालेला, आणि भिंगात बुरशीचं जाळं. आपल्याकडचे पावसाळे काय भिंगाला सोडतात? दुरुस्तीवाल्याने साफ केलं, नवा फोम लावला. त्यात लोणच्याच्या फोडीएवढी बॅटरी लागते, तीही फक्त उजेड मोजणारा आतला काटा हलवायला. बॅटरी मेली तरी फोटो निघतो. आणि गंमत म्हणजे बंद करायचं बटणच नाही. भिंगावर टोपी घालायची, की काट्याला झोप लागते. आमच्या ह्यांना लावायला पाहिजे एक तसली टोपी.

मग शिकवणी सुरू झाली. मी भाजी निवडत ऐकत होते. भिंगावर आकडे : 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16. आकडा वाढला की भोक लहान! हा कुठला न्याय? तर म्हणे, भिंगाच्या 50 मिलिमीटरला त्या आकड्याने भागायचं. दोनने भागलं तर 25 मिलिमीटरचं भोक, सोळाने भागलं तर जेमतेम तीनचं. दर आकड्याला उजेड निम्मा. शटरचंही तसंच : 125 म्हणजे सेकंदाचा 125 वा भाग, 250 म्हणजे त्याच्या निम्मा वेळ. एकीकडे निम्मं केलं की दुसरीकडे दुप्पट करायचं. काटा मध्यावर आला की जमलं. आणि बॅटरी नसेल तर पाढा आहेच : भर उन्हात भोक 16 वर, आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं. 400 ची फिल्म असली की शटर 500 वर. शाळेत गणिताच्या तासाला पोट दुखायचं ना हिचं? आता पैसे मोजून अपूर्णांक सोडवतेय!

पैशांवरून आठवलं. एका रोलमध्ये 36 फोटो. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून हिचे दीडेक हजार गेले. भागाकार मीच केला. खटका दाबला की दोन वडापाव!

पहिला रोल भरला आणि बाई पर्वती चढल्या. छत्तीस झाले, सदतीस झाले, चाळीस झाले, तरी रोल संपेना. ही खूश, म्हणाली, "मामी, जास्तीचे दिले गं कंपनीने!" मी तेव्हाच म्हटलं, कंपनी कधी जास्तीचं देते का? फिल्मचं टोक रिळात अडकलंच नव्हतं. रोल जागेवर बसलेला आणि बाई सगळ्या पर्वतीचे हवेत फोटो काढून आल्या. फिल्म पुढे सरकवायची दांडी ओढताना डावीकडची गुंडाळायची घुंडी फिरायला हवी, एवढं साधं. ती फिरत नसेल तर फिल्म हलत नाही.

दुसऱ्या रोलला घुंडी फिरली. पण पंचविसाव्या फोटोला आमच्या ह्यांनी "बघू, किती राहिलेत" म्हणून मागचं दार उघडलं. घरात जो आरडाओरडा झाला, तो वरच्या मजल्यापर्यंत गेला. वरच्या वेढ्यांतले शेवटचे फोटो उजेडाने पांढरेफटक झाले. आतल्या वेढ्यांतले वाचले, त्यांना कडेला नारिंगी डाग. आणि डागांचेच कौतुक! म्हणे, "काय मूड आलाय!" आमच्या लग्नात फोटोग्राफरने असा मूड आणला असता, तर मामंजींनी त्याचे पैसे कापले असते.

हे म्हणतात, "वेड जुनंच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीच निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्याच काळात कॅमेऱ्याच्या नादी लागले होते." असतील. पण तेव्हा हातात फोन नव्हता हो!

खरा गहजब तर पुढेच आहे. एवढं करून, रोल धुऊन, फोटो परत येतात कुठे? फोनवर! लॅबवाला स्कॅन करून पाठवतो. निगेटिव्ह आणायला तरी जा, तर "राहू दे गं". म्हणजे वाड्याला वळसा घालून पुन्हा त्याच ओसरीवर.

पण मला खरी बोचली ती गोष्ट निराळीच. आमच्याकडे गणपतीत भरलेला रोल दिवाळीत संपायचा. एकाच रोलमध्ये गौरी, सहल आणि दोन वाढदिवस. "नीट उभे राहा, एकच काढणारे" हे मामंजींचं वाक्य सबंध घराला पाठ होतं. ती आमची अडचण होती हो, आवड नव्हती. आणि ही पोरं तीच काटकसर दीड हजाराला विकत घेतायत! त्यातही 2024 साली पेन्टॅक्सनेच फिल्मचा नवा कॅमेरा काढला, त्यात चौकट निम्मी, म्हणजे 36 च्या रोलवर 72 फोटो. मामंजी असते तर त्यांनी कंपनीला पत्र लिहून शाबासकी दिली असती.

आता एक कबूल करते. भाची आली की पूर्वी खाली मान घालून फोन बघायची. परवा गॅलरीत उभी राहून माझ्याकडे पुरती दोन मिनिटं बघत होती. काटा जुळवत होती, मधलं थरथरणारं वर्तुळ स्थिर करत होती. शेवटी म्हणाली, "नको, उजेड कमी आहे," आणि फोटो काढलाच नाही. छत्तिसात मी बसले नाही! पण इतकं निरखून मला गेल्या वीस वर्षांत कुणी बघितलेलं नाही.

मग आम्ही जुने अल्बम काढले. गौरी आहेत, सहल आहे, वाढदिवस आहेत. मामंजी एकाही फोटोत नाहीत. के-1000 ला आपोआप फोटो निघायची सोयच नाही, आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यायची त्यांची तयारी नव्हती. "एकच काढणारे" म्हणणारा माणूस त्या एकात कधी आलाच नाही.

तेव्हा तुमच्याही माळ्यावर असला कॅमेरा असेल आणि पोरांनी मागितला, तर द्या. घुंडी फिरते का ते बघायला सांगा, रोल पुरता गुंडाळल्याशिवाय दार उघडू नका म्हणून बजावा. आणि छत्तीसमधला एक फोटो राखून ठेवायला सांगा. तो ज्याच्या हातात कॅमेरा आहे, त्याचा.