मेहुण्याचा रकाना

भाऊबीज सरली, धानाची कापणी आटोपत आली, की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते, लेकी-जावई आणि सोयरेधायरे जमतात, रात्री झाडीपट्टीचे नाटक होते. आणि त्या नाटकाच्या आधी, पडदा व प्रेक्षक यांच्या मधल्या जागेत, उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, सहअध्यक्ष, दीपप्रज्वलक व प्रमुख अतिथी अशा उतरत्या श्रेणीने मांडलेली थोर मंडळी तिकीट काढून बसलेल्या समाजाला सदाचार शिकवतात. तणसावर बसलेल्या म्हाताऱ्या पदराआड हात चोळीत असतात, पोरे झोपून जातात, पत्रकावर छापलेली नाटकाची वेळ केव्हाच टळलेली असते, आणि सहउद्घाटक महोदय संस्कारांच्या ऱ्हासाविषयी बोलतच राहतात. यंदा या व्याख्यानांचा विषय व्यसनमुक्ती असल्याचे दिसते. विषयाला आमची हरकत नाही. आम्हांला चार शब्द लिहायचे आहेत ते मेहुण्याविषयी.

व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्या भाऊंना एक मेहुणा असतो आणि बसस्थानकामागे त्या मेहुण्याचे देशी दारूचे दुकान असते, एवढे सांगितले म्हणजे वाचकांना ओळख पटावी. भाऊंचा त्या दुकानाशी काडीमात्र संबंध नाही. परवाना मेहुण्याच्या नावे, जागेचा फेरफार मेहुण्याच्या नावे, विजेचे मीटर मेहुण्याच्या नावे. भाऊंच्या नावे आहे ते केवळ व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्षपद. दरसाल भाऊबीजेला मेहुणा बहिणीच्या घरी येतो, पाटावर बसतो, ओवाळून घेतो आणि तबकात ओवाळणी घालतो. ती ओवाळणी किती, हे विचारणे सभ्यतेला सोडून होईल. बेनामी व्यवहारांचा कायदा 1988 सालचा आहे आणि 2016 मध्ये तो अधिक कडक करण्यात आला, परंतु भावाने बहिणीला प्रेमाने काय घालावे यात पडण्याचे धैर्य कोणत्या अंमलदाराला होणार?

मेहुण्याचे हे माहात्म्य आजचे नव्हे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकाच्या आरंभी नगररक्षक म्हणून जो अधिकारी येतो तो राजाचा मेहुणाच, अंगठीच्या चोरीचा आळ घेऊन ज्या कोळ्याला त्याने धरून आणले, त्याच कोळ्याला राजाकडून बक्षीस मिळताच हा गृहस्थ त्याला जिवलग मित्र ठरवतो आणि नव्या मैत्रीला साक्षी हवी म्हणून सारी मंडळी मद्याच्या दुकानाकडे प्रस्थान ठेवतात. ‘मृच्छकटिका’तला शकारही राजाचा मेहुणा, आणि या नात्याच्या जोरावर तो प्रत्यक्ष न्यायाधीशाला बडतर्फीची धमकी देतो. म्हणजे मेहुणा, कोतवाली आणि मद्याचे दुकान यांचा अन्योन्यसंबंध आमच्या नाटककारांना पुरता अवगत होता. फरक पडला तो इतकाच, की तेव्हाचा मेहुणा त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जात असे, आजचा गल्ल्यावर बसतो. आणि दुष्यंतावर व्यसनमुक्तीचे व्याख्यान देण्याचा प्रसंग आला नाही.

उमेदवाराने आपली मालमत्ता, कर्जे आणि फौजदारी प्रकरणे शपथेवर जाहीर करावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय 2002 मध्ये झाला, आणि तेव्हापासून हे शपथपत्र उमेदवारी अर्जासोबत दाखल होत आले आहे. त्यात स्वतःचा रकाना आहे, पती वा पत्नीचा आहे, अवलंबितांचा आहे. दागिने वजनासह लिहावे लागतात, शेती गटक्रमांकासह द्यावी लागते, मोटारीचे सालही चुकवता येत नाही. मेहुण्याचा रकाना मात्र नाही. कोणी म्हणेल, मेहुण्याला अवलंबितांत धरा. पण तो अवलंबित नसतोच. या कुटुंबात कोण कोणावर अवलंबून आहे याची निष्पक्ष चौकशी झाली तर भाऊंनाच मेहुण्याच्या शपथपत्रात जागा शोधावी लागेल.

भाऊंची तत्त्वनिष्ठा केवळ जिल्ह्यापुरती सीमित नाही. लगतच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, आपल्याकडे नाही. भाऊ हद्द ओलांडून पलीकडच्या सभेत जातात आणि ही बंदी प्राणपणाने टिकवा असे सद्गदित कंठाने सांगतात; मेहुण्याचे दुसरे दुकान हद्दीच्या अलीकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. पलीकडची बंदी उठली तर अलीकडची गर्दी ओसरेल, हे ज्याला उमगते त्याला भाऊंच्या गहिवरात खोट काढता येणार नाही. तो गहिवर अस्सल आहे.

इथवर हसण्यासारखे आहे. पण हाच मेहुणा, किंवा याचाच धाकटा भाऊ, धान खरेदी केंद्रावर बसलेला आढळतो, तेव्हा आमचे हसू मावळते. सडक अर्जुनीकडची एखादी बाई भाड्याच्या ट्रॅक्टरने धान आणते, बारदाना संपला म्हणून परत पाठवली जाते, पुन्हा येते, उघड्यावर रास राखत रात्र काढते. ओलाव्याची मर्यादा 17 टक्के, हे तिला पाठ आहे, परंतु मेहुणा यंत्राला हात न लावता मूठभर धान दाताखाली घालून ‘ओला आहे’ असा निवाडा देतो, आणि तो निवाडा फिरवायचा असेल तर 40 किलोच्या कट्ट्यामागे वरचे किलो-दोन किलो गुमान सोडावे लागतात. चुकाऱ्यासाठी मग महिनोगणती वाट, सोसायटीचे कर्ज, सावकाराचे तोंड. आणि या बाईच्या नवऱ्याला, त्याच मंडईत, त्याच मंचावरून, भाऊ काय ऐकवतात? की धानावरच्या बोनसच्या पैशाने शेतकरी आळशी झाला, तो पैसा दारूत उडवतो, म्हणून आधी चारित्र्य सुधारा! अहो, उडवतो तो कुठे उडवतो? एका मेहुण्याने काट्यावर कापून उरलेला पैसा दुसऱ्या मेहुण्याच्या गल्ल्यात जातो, दोन्हींकडचा वाटा ओवाळणीच्या तबकात पडतो, आणि लुबाडल्या गेलेल्या माणसाला वर चारित्र्याचा उपदेश ऐकावा लागतो, तोही स्वतःच्या पैशाने तिकीट काढून, थंडीत, नाटकाला उशीर सोसून. व्यसनी माणसाची आम्हांला कीव येते. या उपदेशकांची किळस येते, आणि ती लपवण्याची गरज आम्हांला वाटत नाही.

त्या मानाने पडद्यामागे तोंडाला रंग लावून ताटकळणारा खलनायक किती सरळ! तो दारुडा बाप होतो, सावकार होतो, भर रंगमंचावर शिव्याशाप घेतो, त्याचे ठरलेले मानधन घेतो आणि पहाटे दुसऱ्या गावी निघून जातो. रंग धुतल्यावर कोणापुढे सद्वर्तनाची जपमाळ ओढण्याचा अधिकार तो मागत नाही.

तेव्हा नाट्य मंडळांच्या चालकांना आमचा विनंतीअर्ज आहे. वर्गणी या थोर मंडळींकडूनच येते, मांडवाचा खर्च निघत नाही, ही तुमची कैफियत आम्ही जाणतो. उद्घाटक खुशाल बोलवा, सहउद्घाटकही बोलवा. मात्र पत्रक छापताना प्रत्येक सन्माननीय नावाखाली एक ओळ वाढवा: मेहुण्याचे नाव व व्यवसाय. छपाईचा खर्च फारसा वाढणार नाही, आणि भाषणे पुष्कळ आखूड होतील. सरकारने हे आधी करावे असे म्हणून थांबू नका. शपथपत्राचे नमुने सुधारण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांनाही मेहुणे आहेत.