सूर्य बुडवायला

कुठल्या गावात माणसं संध्याकाळी पाय मोकळे करायला निघतात, कुठल्या गावात देवाला जाऊन येतात. आम्ही रत्नागिरीत कॉलेजात होतो तेव्हा सूर्य बुडवायला जायचो. शब्द आमचा नव्हे. ज्यांच्या माडीवरच्या खोलीत आम्ही तिघं भाड्यानं राहायचो, त्या आजींचा. जिन्यावर चपलांचा आवाज झाला की पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या आजी सुपातून मान वर न काढता विचारायच्या, ‘निघालात का रे सूर्य बुडवायला?’ आणि अंधार पडल्यावर आम्ही फाटकाची कडी काढली की आतून दुसरा प्रश्न यायचा, ‘बुडवलात का नीट?’ ‘बुडवला, आजी.’ ‘बरं झालं. पाय धुवून वर जा. वाळू आणू नका माझ्या घरात.’ मागीलदारचा नळ बंद केला का, हे विचारावं त्याच सुरात त्या हे विचारत. टोमणा होताच, पण आमसुलाच्या सारासारखा पातळ; घशाखाली उतरल्यावर आंबटपणा कळायचा.

रोज हिशेब विचारला जाऊ लागला की करमणुकीचंही काम होऊन बसतं. कॉलेजातली आमची हजेरी सांगण्यासारखी नव्हती, पण मांडवीच्या जेट्टीवरचा खाडा आम्हाला लागायचा. एकाला ताप असला तर तो पांघरुणातून क्षीण आवाजात विचारी, ‘तुम्ही दोघं जाताय ना?’ आणि आम्ही त्याला धीर देऊन निघायचो, जणू दोन खांदेकऱ्यांवरही सूर्य निभावून जाईल. वाटेत खाऱ्या शेंगदाण्यांच्या तीन पुड्या घ्यायच्या, जेट्टीच्या कठड्यावर पाय सोडून बसायचं आणि शेंगदाणे असे पुरवून खायचे की शेवटचा दाणा आणि सूर्याची शेवटची कड एकदमच संपावी. तेवढ्या बाबतीत आमचं नियोजन चोख होतं. ते अभ्यासात उतरलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

रत्नागिरीला समुद्र दोन आहेत, हे बाहेरच्यांना पटत नाही. किल्ल्याच्या अलीकडे मांडवीची वाळू काळसर, म्हणून तो काळा समुद्र. पलीकडे पांढरी, म्हणून तो पांढरा समुद्र. पाणी एकच, पण गावानं ते सुती आणि रेशमी असं वेगळं घडी घालून ठेवलंय. ‘आज काळ्यावर की पांढऱ्यावर?’ असा प्रश्न आम्ही एकमेकांना चहापोह्यांइतक्या सहजतेनं विचारायचो. पैसे नसले की पायी काळा. कुणाची तरी सायकल हाताला लागली की पांढरा. आणि घरून मनीऑर्डर आली की खाडीवरचा पूल ओलांडून भाट्याच्या सुरूच्या बनात, तिथं शहाळं पिऊन श्रीमंतासारखं परत यायचं.

आमच्यातला एक लातूरचा. तो शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकायला आला. घरी कांद्याहून उग्र वासाचं काही शिजत नसे. त्यानं बांगडा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो पाण्यात नव्हे, ताटातही नव्हे, तर ट्रेमध्ये, कापायला म्हणून. आला तोही भर जुलैत. ज्या गावात पाऊस बातमीसारखा येतो तिथून, जिथे पाऊस बिऱ्हाड करून राहतो तिथे. तीन आठवडे त्यानं सूर्य पाहिला नाही. दोरीवरच्या कपड्यांना बुरशीचा वास, वह्यांची पानं पापडासारखी वातड, आणि ज्याच्यासाठी दोन एसट्या बदलून आला तो समुद्र म्हणजे पावसाच्या मागे कुणीतरी पातेली घासत असल्यासारखा नुसता आवाज. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, मासेमारी बंद. अखेर एका दुपारी त्यानं कळवळून आजींना विचारलं, ‘आजी, इकडं सूर्य असतोय का?’ आजी म्हणाल्या, ‘असतो की. दर्यात पडलेला असतो मेला. नारळी पौर्णिमा झाली की होड्यांबरोबर वर काढतात.’ त्याला ते खरंच वाटलं असावं, कारण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्याआधी चपला घालून तयार होता.

त्या संध्याकाळी मात्र ढग खरोखरच फाटले. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा त्यानं नकळत हात जोडले. मग आजूबाजूला पोरं आहेत हे ध्यानात आल्यावर तेच जोडलेले हात हळूच डोक्यामागे नेले आणि केस सारखे केले. थोड्या वेळानं म्हणाला, ‘आमच्याकडं एव्हाना दिवेलागण झाली असंल. आईनं दिवा लावला असंल.’ आमचा तिसरा भिडू भौतिकशास्त्राचा. कुणी हळवं होऊ लागलं की त्याला आकडे सुचत. त्यानं तिथंच शेंगदाण्याच्या पुडीवर रेखांशांचा हिशेब मांडला: एका अंशाला चार मिनिटं, लातूर पूर्वेला सव्वातीन अंश, म्हणजे तिथे सूर्य साधारण तेरा मिनिटं आधी मावळतो. लातूरकरानं ती पुडी उलगडून, घडी करून खिशात घातली. त्या दिवसापासून रोज सूर्य पाण्यापासून हातभर वर असतानाच तो घड्याळात पाहून पुटपुटायचा, ‘गेला आमचा.’ आणि मग आमचा पाहायला आमच्यात येऊन बसायचा. रोजचे दोन सूर्यास्त असलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

या कामात आमचे एक पूर्वसूरी होते, आणि ते राजे होते. इंग्रज सरकारला ज्याचं काही चालू द्यायचं नसे, त्याला ते रत्नागिरीत आणून ठेवी. सावरकर इथे १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते. पण त्यांनी त्यातही सहभोजनं घडवली, १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं, म्हणजे सक्तीची सुट्टी त्यांनी कारणी लावली. आमचा ओढा दुसऱ्या पाहुण्याकडे होता. ब्रह्मदेशाचा राजा थिबा. १८८५ मध्ये मंडाले पडलं आणि पुढल्या वर्षी त्याला इथे आणलं तेव्हा तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. पुढे याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना मंडालेला धाडलं. दोन पाकिटांवरचे पत्ते टपालात बदलावेत तसा प्रकार. भाट्याच्या खाडीवरच्या टेकडीवर थिबाचा जांभ्या दगडाचा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, आणि जेमतेम सहा वर्षं तिथे काढून १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला. परत गेलाच नाही. त्याची एक नात तर याच गावात मराठी बोलत म्हातारी झाली.

राजवाड्याजवळ थिबा पॉइंटला उभं राहिलं की खाली खाडी, पूल, माड आणि समोर उघडा समुद्र. तिथे आम्ही कधीमधी जात असू, शेंगदाण्यांसकट. आम्हाला तीन वर्षं मिळाली होती, त्याला तीस. आम्ही म्हणायचो, काय चैन असेल नाही! राज्यकारभार नाही, परीक्षा नाही, पेन्शन चालू, आणि रोज नवा सूर्य. एकदा लातूरकर मध्येच म्हणाला, ‘पण त्याचा देश पूर्वेला होता ना रे? मग त्याचा आधीच मावळलेला असणार.’ आम्ही दोघं गप्प झालो. तेरा मिनिटांचं दुःख ज्याला माहीत, त्यालाच तासादीड तासाचं कळायचं. त्या दिवशी शेंगदाणे उरले.

मार्च लागला की सूर्यही परीक्षेला बसल्यासारखा जागा बदलायचा. डिसेंबरात दक्षिणेकडे, मोकळ्या पाण्यात बुडणारा तो रोज थोडा थोडा किल्ल्याच्या अंगाला सरकू लागे. आम्ही पुस्तकं घेऊन जेट्टीवर जायचो. शेवटच्या वर्षीच्या अशाच एका संध्याकाळी भौतिकशास्त्रानं पुस्तकातून डोकं वर काढून जाहीर केलं की आम्ही तीन वर्षं जे बघत आलो ते खोटं आहे. क्षितिजापाशी हवा उजेडाला वाकवते, इतकी की सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा अख्खा सूर्य खरं तर क्षितिजाखाली गेलेला असतो. पुढची सव्वादोन मिनिटं आपण पाहतो ती आधीच बुडालेल्या सूर्याची प्रतिमा. ‘म्हणजे आपण काही बुडवलंच नाही?’ मी विचारलं. ‘आपण पोचेपर्यंत काम झालेलं असतं,’ तो म्हणाला, आणि पुन्हा पुस्तकात शिरला.

घरी आल्यावर मी ते आजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. गावात जन्म काढलेल्या त्या बाईंना समुद्रावर गेलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. विचारलं की म्हणत, ‘जायचंय काय? आहेच की तो.’ सुपातला एक खडा उचलून अंगणात भिरकावत त्या म्हणाल्या, ‘असेल बुडालेला. पण दिसतो ना? मग दिसेपर्यंत बसावं. एवढ्या लांबून दिसायला येतो, उठून जाऊ नये.’ परीक्षेत या वाक्याचा उपयोग होण्यासारखा नव्हता, म्हणून तेव्हा ते मी लिहून ठेवलं नाही.

परवा डिसेंबरात एका लग्नाच्या निमित्तानं रत्नागिरीला गेलो. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली ती आम्ही गाव सोडल्यानंतर. त्यामुळे ज्या गावातून एसटीनं रडत निघालो त्या गावात स्टेशनावर उतरताना चुकीच्या दारानं घरात शिरल्यासारखं वाटतं. आजींच्या घराच्या जागी चार मजले उभे आहेत. फाटकाला कडी नाही, रखवालदार आहे. त्यानं मला नाव लिहायला वही दिली, मी ती परत करून मांडवीला गेलो. जेट्टीवर पोरापोरींची गर्दी होती. पाठ सूर्याकडे आणि तोंड फोनकडे करून ती स्वतःच्या खांद्यावरून सूर्यास्त पाहत होती. एक मुलगा अदबीनं म्हणाला, ‘काका, जरा सरकता का? सूर्य तुमच्या मागे जातोय.’ मी सरकलो. सूर्याच्या आड आल्याबद्दल मला आजवर कुणी हटकलं नव्हतं. थोडं बरंच वाटलं.

शेंगदाण्यांची पुडी उघडतोय तोच फोन वाजला. लातूरचा. हल्ली तो तिकडच्या तलावांतल्या माशांचं बघतो आणि अजून त्यातला एकही खात नाही.

‘काय करायलास?’

‘मांडवीला बसलोय.’

पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. शेतात असावा.

‘मग ऐक,’ तो म्हणाला, ‘इकडून आत्ताच सोडलाय. तुरीत उतरला. तेरा मिनिटांत पोचंल तुझ्याकडं. नीट बुडव.’

मी घड्याळ पाहिलं. दाणे मोजून पुरवले. सूर्य वेळेवर आला, पाण्याला टेकला, म्हणजे गेलेलाच होता, आणि तरी सव्वादोन मिनिटं समोर राहिला. मी उठलो नाही. शेवटची कड विझल्यावर त्याला एका शब्दाचा निरोप पाठवला: बुडवला.

उत्तर लगेच आलं. ‘पाय धुवून वर जा.’